देवातला पेनड्राइव्ह

"काकू, हे शेवटचं विचारतंय हं. एकदा हो म्हटलं की जुनं सगळं जाणार."

गौरांगने लॅपटॉप लतिकाकाकूंकडे वळवला. काकू वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि ह्यांची कीर्तनं?"

"ती रविवारी पेनड्राइव्हवर घेतली ना आपण. वणीचं, सिन्नरचं, सगळी. तुझ्यासमोर लावून बघितली. कुठे ठेवलायस तो?"

"देवात."

"मग काय, लॉकरच झाला," म्हणत गौरांगने बटण दाबलं.

वेणीमाधवबुवा गेल्यापासून तो लॅपटॉप तसाच पडून होता. विंडोज त्याला आता झेपत नव्हती. गौरांग लिनक्स टाकत होता. काकूंच्या ते नाव लक्षात राहीना.

"युनिक्सच्या घराण्यातलं आहे गं."

"घराणं कळलं. चालेल ना पण?"

"पळेल! म्हाताऱ्या मशीनला हलकं जेवण दिलं की झालं."

स्क्रीनवर पट्टी सरकत होती. काकूंच्या पुढ्यात वातींचा ढीग वाढत होता.

"झालं की वणीचा उत्तररंग लावू," गौरांग म्हणाला. "पूर्वरंग संपला, काकांना हार घातला, बुक्का लावला, की ते कसे खाकरायचे! आणि मागून तुझी झांज. तिथपासून लावू. तू ऐकलंस का परत?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"रोज पूजा करते त्याची."

लॅपटॉप नव्याने सुरू झाला. निळी, कोरी स्क्रीन आली. गौरांगने टाळी वाजवली. "चला, आणा आमच्या काकांना."

काकू उठल्या. देव्हाऱ्यातून पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यावर हळदकुंकवाचं बोट होतं. गौरांगने तो लावला. स्क्रीनवर त्याची खिडकी उघडली. तिच्यात काहीच नव्हतं. त्याने तो काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"काकू, हा तर रिकामा आहे."

काकूंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

दुसरा पेनड्राइव्ह लॅपटॉपला अजून लावलेलाच होता. त्याच्यावरूनच लिनक्स चढवलं होतं. एम.जी. रोडवरून एकाच पाकिटात आणलेली जोडी, एकसारखी. एक कीर्तनांसाठी, एक आजच्या कामासाठी. नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे, म्हणून काकूंनी कोराही देवात ठेवला होता. कीर्तनांचा बाळकृष्णाच्या उजवीकडे, कोरा डावीकडे.

"सकाळी मला दिलास तो कुठला होता?"

"डावीकडचा."

"नक्की?"

काकूंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. रोज सगळे देव ताम्हनात उतरवायचे, आंघोळ घालायची, पुसायचे, परत मांडायचे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक... कोणाची जागा कुठली, ते हाताला ठाऊक होतं. त्या दोघांची जागा अजून हाताला ठाऊक नव्हती.

"पूजेत दोन्ही उचलते मी," त्या म्हणाल्या.

गौरांग खुर्चीत मागे टेकला. "मी उघडून बघायला हवा होता. सकाळी त्या पेनड्राइव्हवर लिनक्स टाकताना विचारलं होतं, सगळं पुसू का म्हणून. मी हो म्हटलं. मला वाटलं कोराच आहे."

"परत येतं का ते?"

"विचारतो कोणाला तरी." त्याचा आवाज खाली गेला. "पण त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय गं. दोन्हीकडे, लॅपटॉपवर आणि ह्याच्यावरही."

"बरं."

"काकू..."

"जेवूनच जा. आमटी केलीय."

त्यांनी दोन्ही पेनड्राइव्ह मागून घेतले आणि पदराने पुसले. देव्हाऱ्यापाशी जाऊन एक बाळकृष्णाच्या या बाजूला ठेवला, एक त्या बाजूला. गौरांग मागून आला. हातात चिकटपट्टी होती.

"एकावर खूण करून ठेवू का? परत चुकायला नको."

"आता काय चुकायचंय," काकू म्हणाल्या.

त्यांनी बुक्क्याची डबी उघडली. आधी एकाला बोट लावलं, मग दुसऱ्याला. डबी बंद केली. आणि झांज धरल्यासारखे दोन्ही हात समोर घेऊन, हार-बुक्क्यानंतर थांबायची सवय होती तशा, थोडा वेळ थांबल्या.