जुन्या किल्लीचं कुलूप

"आज हे कुलूप बदलायचंच," चौथी मेणबत्ती लावता लावता बायकोने किल्लीवाल्याला बजावलं. नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार होता. दर रविवारी एक वाढवत आणलेल्या मेणबत्त्या टेबलावर पेटल्या होत्या, चारींची उंची वेगवेगळी.

अख्ख्या गल्लीची कुलपं त्याने बसवलेली, आणि त्याच्याच दाराचं कुलूप मात्र केसाच्या पिनेनेही उघडेल इतकं झिजलेलं. दिव्याखाली अंधार, म्हणून शेजारी हसायचे. हसोत बापडे. या कुलपाची तिसरी किल्ली मुलाकडे होती, आणि मुलगा सात वर्षांपूर्वी भांडून गेला होता. भांडण कशावरून झालं ते बापाला आता धड आठवतही नव्हतं. मुलगा मात्र रोज आठवायचा.

"आलाच तर बेल वाजवेल की," बायको म्हणाली.

"घरचा माणूस बेल वाजवत नाही. बेल पाहुणे वाजवतात."

हा त्या घरातला जुना नियम. किल्लीवाल्याच्या पोराने दारात उभं राहून बेल दाबली तर धंद्याची अब्रू गेली, असं तो मुलाला लहानपणापासून ऐकवत आला होता. पोरगा शाळेत जाताना डबा विसरला तरी चालायचं, किल्ली विसरलेली चालायची नाही.

सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, नुसती वाट पाहू नका, तयारी करून पाहा. ते त्याला पटलं होतं. त्याने कुलूप बदललं नाही, काढून टेबलावर खोललं. आतल्या झिजलेल्या पट्ट्या टाकून पितळेच्या नव्या कापल्या, जुन्याच किल्लीच्या दात्यांना जुळेपर्यंत कानशीने घासल्या. दुपार त्यातच गेली. दाराला पडलेल्या भोकातून गार वारा घरात शिरत होता.

"छान तयारी चाललीय," बायको शाल लपेटत म्हणाली. "मेणबत्त्या विझल्या बघा दोन."

कुलूप परत बसवायला तो दारापाशी गुडघ्यांवर बसला, तेव्हा भोकातून त्याला बाहेर दोन बूट दिसले. ते पुढेही येत नव्हते, मागेही जात नव्हते. त्याने दार ओढलं.

मुलगा उभा होता. कानशिलांवरचे केस पिकलेले. बापाने हातातलं कुलूपच पुढे केलं.

"नीट केलंय. तुझी किल्ली चालेल. लावून बघ."

"ती पहिल्याच वर्षी हरवली, बाबा. दर नाताळला इथवर येतो आणि परत जातो."

"अरे, मग बेल वाजवायची ना!"

मुलाने बेलकडे पाहिलं.

"बेल पाहुणे वाजवतात."