थांबा, आलोच

कावळा शिवत नव्हता.

ओंकारेश्वराच्या घाटावर नागोरावांच्या दहाव्याचा पिंड कठड्यावर ठेवून बराच वेळ झाला होता. शेजारी द्रोणात चहा होता, तंबाखूची पुडीही होती. कावळ्यांची वाण नव्हती. समोरच्या झाडावर त्यांची चांगली सभा भरली होती, पण एकही खाली यायला तयार नव्हता.

मागच्या पायरीवर बापूराव बसले होते. तीनदा नगरसेवक, दोनदा आमदार, मध्ये थोडे दिवस राज्यमंत्री, आणि आता पुन्हा महापालिकेसाठी इच्छुक. कर्वेनगरातल्या त्यांच्या कार्यालयात नागोराव पहिल्या निवडणुकीपासून बसत. सतरंज्या घालण्यापासून आलेल्या माणसाला पाणी विचारण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. गेले तेही तिथेच, आपल्या खुर्चीत. त्या संध्याकाळी "थांबा, आलोच," म्हणून बापूराव बाहेर पडले आणि पक्षाच्या बैठकीत अडकले. परतले तेव्हा नागोराव थांबलेलेच होते, मान तेवढी एका बाजूला कलली होती.

नातेवाइकांनी आपापल्या परीने बोलून पाहिलं. थोरल्या भावाने नातीच्या शिक्षणाचा शब्द दिला. मुलगा शंभू मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे ऐकून घेत होते, एवढंच.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पुढची मंडळी खोळंबली आहेत, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ, तशी सोय आहे, असं त्यांनी सुचवलं. नागोरावांच्या बायकोने, मुक्ताईंनी, नुसती नकाराची मान हलवली. गवताच्या कावळ्यावर नवऱ्याची बोळवण करायला त्या तयार नव्हत्या.

मग सगळ्यांच्या नजरा बापूरावांकडे वळल्या. नागोरावांचं मन कुठे अडकलं असेल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर निवडणुकीला बापूराव त्यांना सांगायचे, पुढच्या वेळी तिकीट तुम्हालाच. पुढची वेळ आली, की तिच्याही पुढे आणखी एक वेळ असायची.

गुडघ्यांवर हात टेकून बापूराव उठले. थोड्या वेळाने त्यांना पक्ष कार्यालयात जायचं होतं, इच्छुकांच्या मुलाखतीला. एके काळी या मुलाखती तेच घ्यायचे. आता बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कालच्या पोरांच्या रांगेत बसून नाव पुकारायची वाट बघायची. खरं सांगायचं तर त्यांना कशाचीच हौस उरली नव्हती. फक्त, उभं राहायचं नाही तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी हात जोडले. आवाज आपोआप सभेतला लागला.

"नागोराव, निश्चिंत राहा. या वेळी आपल्या प्रभागाचं तिकीट शंभूला. हा माझा शब्द आहे."

शंभूने मान वर केली नाही. साहेब त्याच तिकिटासाठी इथून परस्पर मुलाखतीला जाणार, हे त्याला माहीत होतं. जवळच्या फांदीवर एक कावळा जरा रेंगाळत होता, तोही उडून पलीकडे गेला.

"वजन आहे शब्दाला," दर्भाची जुडी सोडत गुरुजी म्हणाले.

कोणी हसलं नाही. बापूरावांना मात्र मनापासून लाज वाटली. भर सभेत लोक उठून गेले होते तेव्हाही इतकी वाटली नव्हती. ते मागे वळले, तशा मुक्ताई जवळ आल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलल्या.

"साहेब, ते तिकिटासाठी न्हाई थांबले. तुमी जा म्हणल्याबिगर ते कदी घरी आलेच न्हाईत. मी ताट झाकून बसायची. तेवढं म्हणा."

बापूरावांना आठवलं. मंत्री होते तेव्हा मुंबईहून फोन करायचं कितीदा तरी राहून जायचं. दुसऱ्या दिवशी कळायचं, की कार्यालयाचा दिवा उशिरापर्यंत चालू होता. दर वेळी ते हसून म्हणायचे, अहो, जायचं ना. नागोरावही हसायचे.

ते पुन्हा कठड्यापाशी गेले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत.

"नागोराव," ते म्हणाले. आवाज घरातला होता, थोडा फाटलेला. "मला उशीर झाला. आजचं काम संपलं. निघा आता."

कावळा कुठल्या बाजूने आला, ते कोणाला दिसलं नाही. पिंडाला चोच लागली आणि इतका वेळ कोरडा राहिलेला शंभू हुंदके देऊन रडू लागला. गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवला आणि पुढच्या मंडळींना हात केला.

लोक नमस्कार करून पायऱ्या चढू लागले. बापूराव मात्र पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसले होते. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पक्ष कार्यालयातून त्यांचा माणूस बोलत होता. नाव पुकारलं होतं, आता आला नाहीत तर पुढचा आत जाईल, असं तो घाईघाईने सांगत होता.

"थांबा," बापूराव म्हणाले, "आलोच."

फोन खिशात गेला. ते मात्र गुडघ्यांवर हात ठेवून तसेच बसून राहिले. रिकामा तांब्या घेऊन मुक्ताई चालल्या होत्या, त्या त्यांच्यापाशी थांबल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आता तुमी बी घरी जा."