कागदावरची चीर

हिरेव्यापारी धनसुखभाईंनी आपल्या माडीवरच्या ऑफिसात पांढऱ्या कागदाची पुडी उघडून हिरा टेबलावर ठेवला, शेजारी त्याचं सर्टिफिकेट ठेवलं आणि चिमटा भाईदासपुढे सरकवला. प्रमिलाबाईंनी पदर सावरला. ललितनं फोन खिशात घातला. आता सगळे भाईदासकडेच बघत होते.

प्रमिलाबाईंच्या मुलाचं, ललितचं, लग्न महिन्यावर आलं होतं. नवरीच्या अंगठीत खाणीतलाच हिरा हवा, लॅबमध्ये बनवलेला नको, ही त्याची एकच हौस, इच्छापोर गावातल्या कंपनीत नोकरीला लागल्यापासूनची. हा हिरा आधी कुणाच्या तरी अंगठीत होता आणि त्याचं सर्टिफिकेट बारा वर्षांपूर्वीचं होतं, हे धनसुखभाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं. प्रमिलाबाईंना त्याची काळजी वाटली नाही. त्यांच्या भावानं, भाईदासनं, तीस वर्षं वराछाच्या कारखान्यात हिरे घासले होते. लिंबायतमधल्या निम्म्या नातेवाइकांच्या अंगठ्या त्याच्या नजरेखालून गेल्या होत्या.

"भाऊ, तू हां म्हन, मंग लेसूत," त्या म्हणाल्या.

भाईदासनं आयग्लास उजव्या डोळ्याला लावला. चिमट्यानं पहिल्याच झटक्यात हिरा उचलला. हातांना त्यांचं काम येत होतं. पण हिरा भिंगासमोर आला तेव्हा तो जिथं असायला हवा तिथं नुसता करडा धूर होता. दोन वर्षांपासून त्या डोळ्याच्या मधोमध हा धूर बसला होता. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, चालण्याफिरण्यापुरता.

घरी त्यानं मंदी सांगितली होती. गल्लीतले निम्मे पुरुष मंदीमुळे घरी बसलेले, त्यामुळे कुणी, बायकोनंही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं म्हणजे त्यानं घासलेला माल परत येऊ लागला होता. मॅनेजरनं चहा पाजून सांगितलं, डोळे दाखवून घ्या. डॉक्टरनं सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. त्या दिवशी तो शेअर रिक्षानं घरी आला, जेवला आणि झोपला. दात काढण्याआधी सुई दिली की हिरडी आपली राहत नाही, तसं काहीसं तेव्हा झालं होतं. ती सुई अजून उतरली नव्हती.

मगाशी बाकीचे पाणी पीत असताना त्यानं सर्टिफिकेट डाव्या डोळ्याशी धरून बघून घेतलं होतं. त्यावर हिऱ्याचा नकाशा होता आणि नकाशात कडेजवळ एक लाल रेघ.

जेवढा वेळ घ्यायला हवा तेवढा त्यानं घेतला. हिरा दोनदा फिरवला. मग म्हणाला, "माल चांगला आहे. कडेला बारीक चीर आहे, कागदावर दाखवलीय तीच. कोंदणात झाकून जाईल."



"ए चीर तो हवे नथी, भाईदासभाई," धनसुखभाई हळू आवाजात म्हणाले. ती चीर आता उरलीच नव्हती.

आधीच्या मालकिणीच्या हातून अंगठी ओट्यावर आपटली होती, कडेचा टवका उडाला होता. गेल्या वर्षी धनसुखभाईंनी ती कड घासून घेतली, तिच्याबरोबर चीरही गेली, वजनही थोडं उतरलं. कागद मात्र बारा वर्षांपूर्वीचाच राहिला. हे ते सांगणारच होते. पण भाईदासभाईंची नजर आहे, तेच दाखवतील म्हणून थांबले. हे सगळं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं.

मामा कागदावरचं वाचून सांगत होते, असं ललित घाईनं म्हणाला. भाईदासनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यानं हिरा कागदावर ठेवला, चिमटा ठेवला.

"माले दिसत नही," तो म्हणाला.

"चीर नसेल तर बरंच ना भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"चीर नही, बाई. माले दिसत नही. दोन वरीस झाले."

बसची वेळ सांगावी तसा त्याचा आवाज होता. प्रमिलाबाई रडल्या नाहीत. वहिनीला माहीत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. धनसुखभाईंनी बाहेर डोकावून चार चहा सांगितले.

चहा येईपर्यंत भाईदासनं आयग्लास ललितच्या हातात दिला. कोपर टेबलावर टेकव, दुसरा डोळा मिटू नकोस, डोकं पुढे नेऊ नकोस, हिरा भिंगाजवळ आण, असं एकेक सांगत गेला. ललितच्या चिमट्यातून हिरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा राहिला.

"काय दिसतं?"

"कडेला काही नाही, मामा. साफ आहे."

"मध्ये बघ."

"एक काळा ठिपका आहे. खसखशीएवढा."

"कागदावर आहे?"

ललितनं नकाशा बघितला. होता, त्याच जागी.

"मधला ठिपका घासून जात नाही," भाईदास म्हणाला. "म्हणजे हिरा तोच आहे. नवं सर्टिफिकेट काढून घेऊ दे त्यांना, मग घ्या."

धनसुखभाईंनी मान डोलावली आणि पुडीला घड्या घातल्या. चहा आला. सगळ्यांनी तो गरमच पिऊन टाकला.

बाहेर पडल्यावर जिन्याच्या तोंडाशी प्रमिलाबाईंनी भावाचं कोपर धरलं.

"पायरी शे, भाऊ," त्या म्हणाल्या. मग पुढच्या पायरीलाही तेच, आणि त्याच्या पुढच्या.

पायऱ्या भाईदासला दिसत होत्या, कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांसकट. तरी प्रत्येक पायरीवर ती बोलेपर्यंत तो थांबला, आणि मगच पाय खाली टाकला.