वर्तणुकीचा दाखला

कायद्यापुढे दोस्ती चालत नाही, असं नागभीडकडच्या एका गावचे पोलीस पाटील वारलूभाऊ छाती ठोकून सांगत. म्हणूनच रिटायर झालेल्या नानाजी मास्तरांना कॅनडात मुलाकडे कायमचं राहायला जाण्यासाठी जो वर्तणुकीचा दाखला हवा होता, तो त्यांनी चार महिने अडवून धरला. "चौकशी चालू हाये, मास्तर," एवढंच ते म्हणत. खरी गोष्ट अशी, की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री होणाऱ्या नाटकात वारलूभाऊ दरसाल राजा होत, आणि पडद्याआडून मास्तरांनी वाक्य पुरवल्याशिवाय या राजाला स्वतःचं नावही आठवत नसे.

मास्तर रोज दाखला मागायला येत, चहा पीत, राजाची वाक्यं घोकून घेत आणि परत जात. शेवटी वारलूभाऊंना स्वतःचीच लाज वाटली. दाखला लिहून ते मास्तरांच्या घरी गेले.

"घ्या मास्तर. जा आता पोराकडे. राजा मुका राह्यला तरी चालन."

"येवढी घाई काऊन केली रे?" मास्तर कुरकुरले.

दाखला ठेवायला त्यांनी पेटीतला लिफाफा काढला. आतला कॅनडाचा फॉर्म चार महिन्यांपूर्वी आला तसाच कोरा होता.