ओवाळणीची कंपनी

गेल्या भाऊबीजेला पालेगावच्या जनूने बहिणीच्या ताटात साडी नाही घातली, अख्खी कंपनीच घातली! उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांना लागणाऱ्या चेनी परदेशातून मागवायच्या, तर तो परवाना त्याने वेणूच्या नावावर काढला. सह्या तिच्या, धावपळ त्याची. भाऊ असावा तर असा, हे वेणूने गावात सांगायचं कोणाला बाकी ठेवलं नाही.

मग कस्टमने त्यांचा कंटेनर अडवला. खोकं न् खोकं उघडून बघणार म्हणाले. जनूने लगेच बहिणीची तयारी करून घेतली. बिलं फाईलला लावून दिली आणि ती बोंबील साफ करत होती तिथेच समोर बसून उत्तर पाठ करून घेतलं.

"बाय, सायबाने काय पन विचारला तरी एकच बोलायचा. माल माझा, मीच मागवला."

ती अडखळली की तो पुन्हा म्हणायला लावायचा.

तपासणीच्या दिवशी जनू गेटबाहेरच थांबला. पुढच्या खोक्यांतून चेनीच निघाल्या, तसा वेणूचा जीव भांड्यात पडला. मग मागची खोकी फोडली, आणि त्यांतून विदेशी सिगारेटची पाकिटं भसाभसा खाली सांडली.

"मॅडम, हे कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

वेणूने भावाला फोन लावला. "जनू, अरे आपल्या मालात सिगारेटी निघाल्यान!"



"बाय," पलीकडून जनू शांतपणे म्हणाला, "पाठ केलास ना, तेवढाच बोल."