राजेश्वरीचे शिंपले

राजेश्वरी कॉलेजातून आली आणि ओट्यावर मटकन बसली. तिच्या दोन टबांपैकी एक टब नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला होता. दोन्हीकडचे शिंपले उरलेल्या टबात गुण्यागोविंदाने नांदत होते.

"वहिनी, आठ दिसांनी नळ आला, भांडी कमी पडली," खाटेवर पसरलेल्या रामहरीने घरमालकिणीला फुशारकीने सांगितलं. "म्हनलं एकाच जातीचे हायेत, ऱ्हातील येका जागी."

मनकर्णाला भाडेकरू पोरीचं तोंड बघवेना. रामहरी तिच्या नवऱ्याचा आतेभाऊ. सुप्याच्या कारखान्यात मुलाखत आहे म्हणून दिवाळीत दोन दिवसांसाठी आला होता. मुलाखत झाली, संक्रांतही झाली, पाहुणा काही हलेना. नातं नवऱ्याकडचं, त्यामुळे जा म्हणायची चोरी. आता लाजेकाजेने तरी जाईल, अशी तिला आशा वाटली. पण लाज कसली नि काय! तो चहाची वाट बघत होता.

"काकू, त्या टबातलं पाणी कुणी पिऊ नका," राजेश्वरी रडवेली होऊन म्हणाली. "मला आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. प्रयोगशाळेत एका टबातल्यांना साधा पारा दिला होता, दुसऱ्या टबातल्यांना सेंद्रिय. आता कोण कुठला ते कसं कळणार?"

"पारा त्यो पारा. त्यात काय फरक गं?" मनकर्णाने विचारलं.

"साधा पारा शिंपल्याच्या अंगात फारसा शिरत नाही. नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवलं की बराचसा लवकर बाहेर पडतो. सेंद्रिय मात्र अंगात मुरतो. काही केल्या लवकर निघत नाही."

"निसत्या पान्यात ठिवायचं?"

"हो."

मनकर्णाने एकवार खाटेकडे पाहिलं. आत जाऊन उकळलेला चहा गाळला आणि तो राजेश्वरीच्या हातात दिला. मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन खाटेपाशी आली.

"घ्या भावजी. आजपासनं च्या बंद. निसतं पानी."

रामहरीने तांब्या वर धरून घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि समाधानाने पाय लांब केले.

"वहिनी, पानी लई ग्वाड हाय बगा तुमच्याकडचं. आमच्याकडं असं न्हाई."

मनकर्णाने रिकामा तांब्या उचलला.

"पोरी," ती म्हणाली, "ह्यो दुसऱ्या टबातला."