वेशीच्या आतली घरं

"सगळं घेतलंस ना?" धम्मानंद गुरुजींनी नातीला विचारलं.

"हाव आजोबा. समोर हाय तेवढं एकूण एक." रेणुकानं पेन ड्राइव्ह हलवून दाखवला.

परीक्षेच्या अभ्यासाला ती लातूरचं हॉस्टेल सोडून घरी आली होती. क्लासचे व्हिडिओ या जुन्या कॉम्प्युटरवर सारखे अडकायचे. म्हणून आज विंडोज काढून लिनक्स टाकायचं होतं.

पडद्यावर फायलींच्या मागं गुरुजींचं जुनं गाव पसरलेलं असायचं. भूकंपात गेलेलं. माउसनं काढलेले वेडेवाकडे चौकोन, प्रत्येकात एका घराचं नाव. वेशीबाहेरची आपली वस्ती त्यांनी आठवून काढली होती. वेशीच्या आत मात्र लहानपणी त्यांचं जाणं नव्हतं. ती घरं तिथंच वाढलेला त्यांचा मित्र गुरुबसप्पा यानं शेजारच्या खुर्चीत बसून गल्ली-गल्लीनं सांगितली होती. गुरुबसप्पा गेल्या उन्हाळ्यात वारला. गुरुजी रोज सकाळी कॉम्प्युटर लावत, गाव बघत आणि बंद करत.

"विचारायलंय बघा," रेणुका म्हणाली. "जुनं सगळं पुसू, का त्याच्या शेजारी नवं बसवू?"

"पूस बाई. दोन-दोन गावं सांभाळणं लई अवघड असतंय."

दोघंही हसले. रेणुकानं बटण दाबलं.

चहा होईतो काम झालं. नवा, कोरा, जांभळा पडदा आला.

"कसा पळायलाय बघा आता!" रेणुकानं टाळी वाजवली. पेन ड्राइव्ह लावून एकेक वस्तू ती जागेवर ठेवू लागली. पेन्शनचे कागद. लग्नाचे फोटो. गुरुजी वाट बघत राहिले.

"अन् गाव?"

"ह्यातच असंल की."

तिनं सगळं उघडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिचा हात थांबला.

"आजोबा... ते नुसतं मागं लावलेलं होतं. समोर नव्हतं. मला वाटलं, ह्यातच आलं असंल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजींनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग वर्गात बोलत तसे बोलले, "रडतीस कशाला? चुकलं की पुन्हा काढायचं. चित्राची पाटी कुठंय ह्याच्यात, ती उघड."

त्यांनी माउस हातात घेतला. सरजाबाईचं घर. मागं बाभूळ. आपलं घर. ध्वजाचा कट्टा. हात कुठंही अडला नाही.

"येतंय की सगळं!" रेणुकानं डोळे पुसले.

गुरुजींनी वेस काढली. तिथं हात थांबला.

"आत पहिलं घर कुणाचं, आजोबा?"

गुरुजींनी शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं रेणुका बसली होती.